शेवटच्या हौदातला मासा

त्या हौदात मासा कोणी सोडला, हे मी पाहिलेले नाही. तेवढे सोडून बाकीचे सांगते.

दुष्काळात दिंद्रुडजवळच्या एका वस्तीचे सांडपाणी आम्ही पाणी-प्रकल्पाचे लोक कर्दळीच्या वाफ्यांतून गाळत होतो. चहूकडे करडी जमीन आणि मधोमध डुलणारी लाल-पिवळी कर्दळ. भर दुपारी ते सारे स्वप्नासारखे भासे. शेवटच्या हौदातल्या निवळलेल्या पाण्यावर चारा वाढवायचा, नाहीतर जनावरे छावणीला न्यायची, अशी वेळ आली होती. दूध संस्थेच्या अध्यक्षा शांताबाई पाणी घ्यायला तयार होत्या. वस्तीतले वडीलधारे तात्या मात्र अडून बसले.

"मोरीचं पाणी हाय ते. त्या चाऱ्याचं दूध देवाला चालतंय का?"

"तात्या, पाणी तपासले आहे."

"मग तुमी पिता का?"

"ते चाऱ्यायोग्य आहे, पिण्यायोग्य नाही," मी काटेकोरपणे म्हणाले, आणि बैठक तिथेच मोडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी हौदात बोटभर लांबीचा चंदेरी मासा संथ फिरत होता. तात्या कितीतरी वेळ काठावर बसून त्याच्याकडे पाहत राहिले.

"जितं पाणी हाय, शांते. सोड चाऱ्याला."

मी शांताबाईंना बाजूला घेतले. "खरे सांगा, तुम्हीच सोडलात ना?"

"मी? अवो मॅडम, मला तर लई खात्री व्हती, तुमीच सोडला म्हणून!"

आसपासचे सगळे तलाव तेव्हा भेगाळले होते. चारा वाढला, जनावरे गोठ्यातच राहिली. उन्हाळ्याअखेरीस गाळ काढण्यासाठी आम्ही हौद उपसला, तेव्हा मासे दोन निघाले.