रेस्टहाऊसचा रंग

आमच्या ताईचं लग्न कसं जुळलं, मी तुमाले सांगितलंच नाई का?

मुलाचे वडील रिटायर रेंजर. ते ताईले पाहाले येणार, म्हणून बाबाले बैठक जुन्या इंग्रजी बंगल्यासारखी पायजे होती. रंगच सुचेना. मी म्हटलं, "जंगलातल्या रेस्टहाऊससारखा द्या नं. पिवळ्या भिंती, खाली गेरूचा पट्टा, हिरवी दारं."

बाबा खुश. "पोट्ट्याले डोकं आहे!"

रविवारी रेंजरसाहेब आत आले, भिंती पाहिल्या अन् आरामखुर्चीत पाय पसरले. जंगलातल्या रेस्टहाऊसात उतरायची तीस वर्षांची सवय! बाबाच्या हातात टोपी देऊन म्हणाले, "चौकीदार, कोंबडी बनव. अन् आंघोळीले गरम पाणी."

आई कुजबुजली, "अवो, सांगा नं, तुमी पोरीचे बाप आहा म्हणून!"

"चूप! स्थळ जाईन," म्हणत बाबा कोंबडीमागं पळाले.

ताईनं वाढलं, साहेब पोटभर जेवले. निघताना मी माझी गणिताची वही पुढं केली. "साहेब, रजिस्टरात शेरा लिहा."

साहेबांनी चष्मा लावून लिहिलं, "रंग चांगला. कोंबडी उत्तम. चौकीदाराची मुलगी पसंत."