चित्र येगळं, आवाज येगळा

आदरणीय भंतेजी, शांताकाकू, वस्तीतले सारे वडीलधारे, अन् भातकुली-धामणगावहून आलेले आमच्या दुकानाचे गिऱ्हाईक, सगळ्याईले जय भीम.

माह्या आधी चार जण बोलले. चांगलं बोलले. मले तसं येत नाई. पन आज नाई बोलली त मी कधीच बोलणार नाई, हे मले माहीत आहे. म्हणून जरा ऐकून घ्या.

मी वर्षा. मूर्तिजापूरच्या स्टेशन रोडवर सुखदेवकाकाईचं दुकान आहे, तिथं मी नऊ वर्षं काम केलं. आठ दिवसांआधी काका दुपारी जेवण करून आले, खुर्चीत बसले, अन् अकोल्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत गेले. आजही त्या खुर्चीवर त्याईचा रुमाल आहे. मले तो उचलवत नाई.

काम काय होतं आमचं? तुमच्या लग्नाच्या, जयंतीच्या, नामकरणाच्या जुन्या व्हिडिओ कॅसेटी. त्या कॉम्प्युटरमध्ये घ्यायच्या, सुधरवायच्या, अन् पेन ड्राइव्हमध्ये भरून द्यायच्या. सोपं वाटते ना? मलेही वाटलं होतं. जुनी फीत घासलेली असते. मधातच चित्र गायब होते. कॉम्प्युटर तेवढं चित्र सोडून देते, पन आवाज चालूच राहते. सुरुवातीले कळत नाई. तासाभरानं पाहा, भंतेजी वंदना म्हणून राहिले अन् ओठ भलतंच हालून राहिले! गिऱ्हाईक म्हणे, "सुखदेवभाऊ, हे काय करून ठेवलं माह्या लग्नाचं?"

म्हणून काकाईची एक रीत होती. चित्र येगळं घ्यायचं, आवाज येगळा घ्यायचा, दोन येगळ्या फायली. मंग एकेक जागा पकडून दोन्ही जुळवायचे. अन् हे सारं कॉम्प्युटरच्या काळ्या खिडकीत कमांड टाइप करून. बटनाचे प्रोग्राम त्याईले चालत नव्हते. म्हणायचे, "बटन चूक लपोते वो बाई. हे तोंडावर सांगते." मी नवी होती, स्क्रीनवर लाल अक्षरं आले का खिडकीच बंद करून टाकू. काका म्हणायचे, "कावून पळून राहिली? वाच ना. ते तुले शिव्या नाई देऊन राहिलं, कुठं बिघडलं त्याचा पत्ता सांगून राहिलं." दहावी शिकलेला मानूस! इंग्रजीतली एकेक ओळ बोट ठेवून वाचे. अन् मी बीएस्सी, मी पळून राहिली होती.

आता जे सांगायचं ते सांगते.

काकू, तुमाले अन् काकाईले एक पोरगी होती. सुजाता. नववीत होती, तापानं गेली. हे वस्तीत सगळ्याईले माहीत आहे. त्याच्या आधीच्या जयंतीले ती स्टेजवर बोलली होती, अन् काकाईनं ते शूटिंग केलं होतं. तिच्या आवाजाची तेवढीच एक कॅसेट. काका ती वर्षानुवर्षं हात लावत नव्हते. म्हणायचे, "आधी लोकाईचं होऊ दे." खरं म्हणजे भेव वाटे त्याईले. फितीले बुरशी लागली होती. ती एकदाच चालणार होती.

तीन वर्षांआधी काकाईनं ती धुतली, वाळवली, मशीनमध्ये लावली. एकदा चालली. शेवटाले फीत आत गुंडाळली अन् तिचे तुकडे झाले. पन तोवर सारं आलं होतं. चित्राची फाइल. आवाजाची फाइल. काका दुकानाच्या बाहेर जाऊन उभे राहिले. रडून राहिले होते. मी पाह्यलं नाई असं दाखवलं.

तुमाले त्याईनं घरी काय सांगतलं, ते तुमाले माहीत आहे. "कॅसेटवर आवाज उरलाच नव्हता. मीच अलमारीत ठेवून सडवली." असंच सांगतलं ना?

ते खोटं होतं, काकू.

त्याच दिवशी मी धामणगावच्या एका लग्नाच्या कॅसेटी करून राहिली होती. लय होत्या. आपण देऊन राहिलो त्या नावाची फाइल आधीच असली त कॉम्प्युटर थांबते अन् विचारते, ही पुसू का? दरवेळेस उत्तर द्यायचा मले कंटाळा. कमांडमध्ये एक अक्षर टाकलं का ते विचारतच नाई. काकाईनं मले ते अक्षर टाकाले मना केली होती. एकदा नाई, दहादा. मी टाकलं. अन् काकाईनं गडबडीत सुजाताच्या फायली त्याच जागी ठेवल्या होत्या. 'आवाज एक'. मी करून राहिली त्या लग्नाच्या फायलीचंही नाव 'आवाज एक'.

कॉम्प्युटरनं विचारलं नाई. मीच त्याले विचारू नको म्हटलं होतं.

काकाईनं चित्र अन् आवाज एकत्र लावून पाह्यलं. सुजाता स्टेजवर उभी, हात जोडले, ओठ हालून राहिले. अन् तिच्या तोंडून धामणगावच्या वरातीचा बँड वाजून राहिला होता.

काका चार दिवस तो पुसलेला आवाज डिस्कमधून परत काढाले बसले. काई निघालं नाई. धामणगावच्या लग्नाची फाइल मोठी होती, तिनं सारी जागा खाल्ली होती. मले वाटलं आता हाकलतीन. पाचव्या दिवशी त्याईनं भातकुलीच्या एका आजीची कॅसेट माह्या हातात दिली. म्हणाले, "ही तू कर." मी म्हटलं, "काका, मले नका देऊ." त म्हणाले, "आज नाई केली त तुह्या हातात कायमचं भेव बसन."

मी म्हटलं, काकूले मी सांगते. त्याईनं नाई म्हटलं. "तिले राग धराले कोणी तरी पाहिजे. मी घरचा आहो. घरच्यावरचा राग निवते, बाहेरच्यावरचा निवत नाई."

अन् मी गप्प बसली. मले बरं वाटलं होतं, काकू. खरं सांगते, सुटल्यासारखं वाटलं होतं.

पन तो राग निवला नाई. काका, तुमी तिथं चुकले. काकू दुकानात डबा घेऊन येत, अन् माह्यासमोर म्हणत, "जगाचे लग्न वाचोले यानं, पोटच्या पोरीचा आवाज नाई वाचोला." काका खाली मान घालून डबा उघडत. मी बाजूले बसून राहो. त्याच डब्यातली भाकर मी खाल्ली आहे. तीन वर्षं. तीन वर्षांत मले एक दिवस तोंड उघडता आलं नाई, अन् मानूस गेल्यावर मी हिमतीच्या गोष्टी करून राहिली. याले काय म्हणावं? थू आहे माह्यावर.

काकू, तुमच्या नवऱ्यानं काई सडवलं नाई. तो आवाज त्याईनं वाचवला होता. पुसला मी.

अन् आणखी एक. सुजाताची कॅसेट चालू होती तवा हेडफोन माह्या कानाले होता. आवाज बरोबर येऊन राहिला का नाई, ते पाहाचं काम माहं होतं. काका स्क्रीनवर आवाजाच्या मीटरकडं पाहून राहिले होते. म्हणून कॅसेटवरचा तो आवाज ऐकलेली मी एकटीच आहो. विसरून जाईन म्हणून मी तो रोज मनात म्हणते. आज तुमाले देते.

ती म्हणाली, "माझं नाव सुजाता. माझी आई लोकांच्या शेतात निंदायला जाते. ती मला म्हणते, तू शीक, वावर मी पाहून घेईन." मंग ती अडकली. पुढचं विसरली. लोक हसाले लागले. तवा मांग, बायाईतून, एक आवाज आला, "बोल वो माय, बोल. मी आहो ना अठी." तो आवाज तुमचा होता, काकू. मंग ती बोलली. पुरं भाषण बोलली, शेवटपर्यंत, एकदाही न थांबता.

आता आपण सारे उभे राहू अन् दोन मिनिटं मौन पाळू. मौन झाल्यावर कोणी जाऊ नका. काकू, मले जे म्हणायचं ते सगळ्याईसमोर म्हणा, मी अठीच उभी आहो. पन त्याईच्या नावावरचा तो बोल आज काढून टाका.

काका, जय भीम.