ओढ्यापलीकडची नोटीस

ज्युरीचं बोलावणं आलं म्हणून डोरीन इलिनॉयमधल्या एका कोर्टाबाहेर बसली होती. शेजारच्या बाकावर शेतांतलं साचलेलं पाणी चरातून काढणाऱ्या निचरा मंडळाचा अध्यक्ष हार्लन ओल्टमन आणि त्याची शेतशेजारीण व्हर्ना टीट्के.

"व्हर्ना, आपलं मंडळ शेजारच्या मंडळात मिळवायला तू विरोध करायला आलीस?"

"हो."

"अगं, दोन्ही मंडळं एक झाली की अख्खा चर एकदमच उपसला जाईल. गेल्या वसंतात तुझाच मका पाण्यात कुजला ना?"

"कुजला, म्हणूनच आले. आजच्या सुनावणीची जाहीर नोटीस कुठे छापलीस?"

"आपल्या काउंटीच्या पेपरात."

"आणि मंडळातली ओढ्यापलीकडची जमीन? ती शेजारच्या काउंटीत जाते."

"तिथे शेतं आहेतच किती!"

"थोडी असली तरी त्यांना मालक आहेत, हार्लन. त्यांना कळवलंच नाही, तर त्यांच्या जमिनीवर या कोर्टाचा अधिकार चालत नाही. उद्या त्यातला एखादा उठेल आणि आजचा निकाल रद्द करून घेईल."

"म्हणजे मंडळं एक व्हायला तुझी हरकत नाही?"

"हरकत कसली? मला ते हवंच आहे. पण पक्कं हवंय."

"म्हणून आत सगळ्यांसमोर माझी फजिती करणार?"

"तू स्वतःहून पुढची तारीख मागितलीस, तर मी तोंड उघडणार नाही."

तेवढ्यात पुकारा झाला. हार्लन टोपी काढून आत गेला. उघड्या दारातून डोरीनला त्याचा खणखणीत आवाज ऐकू आला.

"जजसाहेब, आमची नोटीस अपुरी आहे. चूक माझी. पुढची तारीख द्या."

थोड्या वेळाने तो बाहेर येऊन व्हर्नासमोर थांबला.

"पलीकडच्या पेपरवाल्याकडे निघालोय. येतेस?"

"चल. पण गाडी मी चालवणार. तुझ्या गोगलगायीच्या वेगाने गेलो तर आपण पोचेपर्यंत पेपर छापून होईल."