भिवाचा दुसरा फैसला

मंडळी, राम राम. म्या दवंडी दिली आन् तुमी समदे पारावर जमलात. रखमाबाई, तुमी बी आलात. तुमी येताल असं वाटलं नव्हतं. आज बोलायला लई जड जातंय. इतकी वर्सं पाटीलकी केली, पन असं बोलायची येळ कधी आली न्हाई.

आपला भिवा मेंढपाळ जाऊन धा दिस झाले. तिकडं धारूरच्या घाटावर, माळावर गेला. तिरडीला चार खांदे लागत्यात. त्याला दोनच मिळाले, बायकोचा, या रखमाबाईंचा, आन् त्यांच्या भावाचा. आपल्या गावातनं एक खांदा गेला न्हाई. कावून? मी सांगतो कावून.

नऊ वर्सांमागं माझी कडब्याची गंजी जळाली. मी भिवावर आळ घेतला. खटला बीडच्या अदालतीत उभा राह्यला. मुन्सफ सायबानं एकेक गवाह तपासला. भिवाला काडी लावताना कुनीच पाह्यलं नव्हतं. सायबानं त्याला सोडलं. बाइज्जत सोडलं.

मी वकिलाला म्हनलं, "पुन्यांदा चालवा खटला." ते हासले. म्हनले, "पाटील, सुटल्या मानसाला त्याच गुन्ह्यासाठी पुन्यांदा उभं करता येत न्हाई. लईच वाटलं तर सरकार हैदराबादेला अपील करील. ते सरकारचं काम, तुमचं न्हाई. आन् एका गंजीपायी सरकार कशाला हालतंय?"

तिथं गप बसायचं होतं. न्हाई बसलो. चारचौघांत माझं नाक कापलं गेलतं ना! घरी आलो, पंच गोळा केले. भिवाला खंडोबाच्या देवळात नेलं आन् बेलभंडार उचलून 'गंजी म्या पेटवली न्हाई' अशी आन घ्यायला लावली. सात दिसांत त्याच्या घरचं मानूस न्हाईतर जनावर दगावलं, तर तो खोटा. असं मीच ठरवलं.

भिवानं बेलभंडार उचलला. मग माझ्याकडं बघून म्हनला, "पाटील, बीडात सुटलो. आता देवापुढं बी खरं बोललो. आनिक किती जागी सुटू?"

मी पंचांकडं वळून म्हनलं, आजपासनं सात दिस मोजा.

पाचव्या दिशी त्याच्या तीन मेंढ्या मेल्या. मी हितंच उभा राहून म्हनलं, देवानं अदालतीचा फैसला फिरवला. तुमी माना डोलवल्या. भिवाला वाळीत टाकलं.

आता सांगतो ते माझ्या घरच्यांशिवाय कुनाला ठाव न्हाई. त्याच सात दिसांत, भिवाच्या मेंढ्यांच्या दोन दिस आधी, माझ्या गोठ्यातल्या दोन शेळ्या त्याच रोगानं मेल्या. रोग समद्या शिवारात आलता. मला ठाव होतं. मी त्या शेळ्या मळ्यात गुपचूप पुरल्या आन् पंचांत येऊन बसलो. जनावर मेल्यानं मानूस खोटा ठरत असल, तर आधी मी खोटा ठरलो व्हतो. मला कुनी बेलभंडार उचलायला लावला?

मला लाज वाटतीय, मंडळी. लई लाज वाटतीय.

गंजी कुनी पेटवली? मला ठाव न्हाई. पन भिवाला ते पुन्यांदा विचारायचा मला हक नव्हता. एकदा विचारून झालतं. त्याचा जवाब देऊन झालता.

काल पंच म्हनले, पाटील, आज भिवाला माफी द्या. कसली माफी? माफी देनारे आपन कोन? तो बीडातच सुटलाय. नऊ वर्सांमागंच सुटलाय.

रखमाबाई, नऊ वर्सं तुमी वढ्याचं पानी पिलात. ही गावची इहीर, हा रहाट. तुमचं मन झालं तर घागर भरा. मंडळी, उभं राहा. पागोटी उतरवा. त्यांची घागर भरंस्तवर कुनी तोंड उघडायचं न्हाई. आन् त्यांनी भरली न्हाई, तशाच निघून गेल्या, तर त्या दिसंनाशा होईस्तवर असंच उभं राहायचं.

भिवा, माझा राम राम घे.