फर्गल ब्रोगनची बहीण

बहीण? — कुणाची बहीण? फर्गलची? — असं तो म्हणाला? आत्ता, फाटकाशी? ‘आत जा, माझी बहीण चहा देईल’ — असं? नाही नाही, तुम्ही बसा हो, उठू नका, तुमची काय चूक त्यात, पाय दुखायला लागले म्हणून तर आत आलात — बाकीच्या बायका काढताहेत ना त्याच्याबरोबर फोटो, काढू देत, एकेकीचा हात हातात घेऊन बोलल्याशिवाय तो काही तुमची बस हलू देत नाही. साखर हाताने घ्या. बहीण म्हणे! अहो हॅकेटबाई, त्याला बहीण एकच, ती गेली नन होऊन बोस्टनला. मी कॉन्सेप्टा. बायको त्याची. लग्नाची — चर्चमध्ये, पाद्रीबाबांसमोर लागलेलं लग्न. — लागला ना ठसका? लागणारच. पाणी घ्या.

तुम्हाला कुठून माहीत असणार? इथे गावात सगळ्यांना माहीत, गावाबाहेर कुणालाच नाही — आमच्या लायट्रिमकडची माणसं याबाबतीत पक्की, तुम्ही खोदून विचारलंत तर पावसापाण्याचं बोलायला लागतील. आणि तो काही जन्मतःच पांढरा सूट घालून आला नव्हता, बरं का. बापाबरोबर दलदलीत जळणाची माती कापायचा. ड्रमशॅन्बोच्या नाचाच्या हॉलमध्ये एकदा बँडचा गाणारा आजारी पडला आणि पोरांनी ह्याला ढकलला वर — गमबुटांसकट! त्याने ते आईला सोडून बोटीत बसणाऱ्या पोराचं गाणं म्हटलं, आणि भिंतीला टेकून, कुणी नाचायला बोलावतंय का म्हणून वाट बघत उभ्या होत्या ना पोरी, त्या सगळ्या डोळे पुसायला लागल्या. मीही. मी चहा-सँडविचच्या टेबलामागे होते. खोटं कशाला बोलू — अजूनही त्याने तो सूर लावला की माझ्या हातातली इस्त्री थांबते. चांगला शर्ट जाळलाय मी त्यापायी.

मग आमचं जमलं, आणि पाठोपाठ आला टॅन्सी, मॅनेजर. सूट त्याचा, हॅट त्याची, नवी कोरी व्हॅन त्याची, आणि अट पण त्याचीच — पोरगा अविवाहित पाहिजे. ‘त्या पोरी सायकली हाणत येतात त्या काय दुसरीच्या नवऱ्याला बघायला?’ — असं माझ्या तोंडावर म्हणाला, आणि मी काय, वीस-एकवीसची, मूग गिळून बसले. लेन्टच्या उपासात इथले हॉल बंद, तेव्हा सगळे बँड इंग्लंडला जायचे — ईस्टर उलटल्यावर तिकडेच, कॉव्हेंट्रीला उरकलं आम्ही. साक्षीदार कोण, तर ड्रमवाला आणि चर्च झाडणारी बाई. संध्याकाळी तो स्टेजवर, आणि मी खाली कोटांच्या खोलीत, लोकांचे कोट सांभाळत. नवरी!

काय म्हणालात? — तुमच्याकडे बघून गायचा? टिपरेरीच्या हॉलमध्ये, ते शेवटचं, संथ गाणं? — अहो, तो दाराच्या वरच्या दिव्याकडे बघतो. टॅन्सीनेच शिकवलेलं. दिव्याकडे बघ, म्हणजे खालच्या प्रत्येकीला वाटतं आपल्याकडेच बघतोय. — आता रागावू नका. तुम्ही एकट्या नाही. मलाही वाटायचं.

एवढ्यावर भागलं असतं तर भागलं असतं हो. पण मग फिडेल्मा झाली. आमची मुलगी. — हो, मुलगी आहे आम्हाला! — तिला घरात ‘डॅडी’ आणि बाहेर ‘फर्गलकाका’. लहान पोराला काय कळतं त्यातलं? शिकवलं, तशी शिकली बिचारी, पोपटासारखी. तिकीट विकायच्या खिडकीत माझ्या शेजारी स्टुलावर बसायची, पाय हलवत. एकदा रॉसकॉमनला — काय झालं, गाणं संपलं, लोक टाळ्या पिटताहेत, आणि ही माझ्या हातून सुटली, गर्दीतून घुसत थेट स्टेजपाशी, आणि दोन्ही हात वर करून ‘डॅडी! डॅडी!’ आणि हा — माइक हातात — वाकला, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाला, ‘कुणाचं गं हे गोड लेकरू? आई हरवली वाटतं हिची!’ हसले सगळे. कुणीतरी तिला उचलून हातोहात मागे माझ्याकडे पोचवलं. रडली नाही. तिथून पुढे तिने त्याला ना डॅडी म्हटलं ना काका — ‘तो’. ‘तो जेवला का?’ ‘तो आला का?’ —

हे मी कशाला सांगत बसले तुम्हाला? सख्ख्या भावाला नाही सांगितलं मी हे.

बरं, टॅन्सी मेला. हॉल पडले — एकात फर्निचरचं दुकान, एकात गुरांचं खाद्य. तो लग्नांत गायला, दारूच्या गुत्त्यांत गायला, फुटबॉल चालू असलेल्या टीव्हीखाली उभा राहून गायला — आणि व्हॅन कोण चालवत होतं? मी. तेव्हा कुणाला पडली होती हो त्याच्या लग्नाची? तेव्हा सांगायला काय झालं होतं? विचारलं की, ‘बघू, कॉन, जरा घडी बसू दे.’ मग पोरं पुन्हा जाइव्ह नाच शिकायला लागली, ह्याची जुनी गाणी वर आली, टीव्हीवाले आले, तुमच्या बसगाड्या आल्या — आणि घडी बसायची ती राहिलीच.

येत्या शनिवारी मोहिलला त्याचा सत्कार आहे, तुम्हाला ठाऊकच असेल, तिकिटं घेतलीच असतील. फिडेल्मा येतेय त्याला. पर्थहून. आज दुपारी नॉकच्या विमानतळावर उतरतेय. फोनवर म्हणाली, मम्मी, मला त्याच्याकडून काही नको, फक्त एकदा माइकवरून म्हणायला सांग, ही माझी मुलगी. एकदाच. मी सांगितलं त्याला, काल, नाश्त्याला. तर म्हणतो कसा — ‘त्या बायकांना फसवल्यासारखं वाटेल, कॉन. किती वर्षं येताहेत त्या.’ त्या बायकांना! म्हणजे तुम्हाला, हॅकेटबाई. वाटतंय तुम्हाला फसवल्यासारखं? — सांगा की. — वाटत नाही ना? उलट तुमच्याच डोळ्यांत पाणी आलंय. आणि आज सकाळी म्हणाला, विचार करतो. विचार करतो म्हणाला आणि फाटकाशी जाऊन तुम्हाला —

थांबा. आलाच.

ये फर्गल. पाय पूस. ह्या टिपरेरीच्या हॅकेटबाई, तूच पाठवलंस ना त्यांना आत? मग ओळख करून दे की माझी. — त्यांच्याकडे बघ. दिवा नाहीये तिथे, छत आहे. — सांग. — काय? ‘बस सुटतेय, बाई’? एवढंच?

बरं.

नाही, त्यांचा कोट नको काढूस, कोट मी घालतेय. माझा. किल्ली कुठाय? नॉकला चाललेय मी. तिथून आम्ही दोघी माझ्या भावाकडे, बॅलिनामोरला — शनिवारी काय म्हणायचं ते तू म्हण, नाहीतर नको म्हणूस, आम्ही नसू ऐकायला. हॅकेटबाई, तुम्हाला इतकी वर्षं ह्याला भेटायचं होतं ना? चुलीवर बटाटे आहेत. सुरी आत गेली की उतरवा, आणि वाढा त्याला. लोणी कपाटात, वरच्या फळीवर. त्याला सापडत नाही.