नातीला हवा होता लांब इंग्रजी शब्द

इंग्रजीचं नाव काढू नका माझ्यापुढे. चहा घ्या आणि ऐका. इथं इस्रायलात, ओफाकिम गावच्या आमच्या बिल्डिंगीत मी सगळ्यांना सांगून ठेवलेलं, की मुंबईच्या गिरणीत मी रोज साहेबाशी इंग्रजीत बोलायचो. खोटं नव्हतं ते.

एका शब्बाथला, म्हणजे आमच्या विश्रांतीच्या शनिवारी, नात ओर्ना दोन मैत्रिणींना घेऊन आली. त्यांचा खेळ चाललेला: दोन अक्षरं घ्यायची आणि ती असलेला लांबात लांब इंग्रजी शब्द सांगायचा. ओर्ना हरत आलेली. हिब्रूत म्हणाली, "माझ्या सबांना सगळं इंग्रजी येतं. सबा, जी आणि टी." सबा म्हणजे आजोबा, मी.

मला जी कुठली नि टी कुठली? मराठी दुसरीतून शाळा सुटली माझी. म्हटलं, "शब्बाथला लिहीत नाहीत, पोरींनो."

"लिहायचं नाहीच, सबा. नुसतं बोलायचं."

तिघी माझ्या तोंडाकडे बघत बसल्या. शेवटी येत होतं तेवढं बोललो, "गुड मॉर्निंग सर. मशीन ओके सर."

मोरोक्कोवाल्यांची पोरगी फिस्सकन हसली. "ओर्ना, हा शब्द आहे?"

ओर्ना लालेलाल. वाटलं, आता भडकणार माझ्यावर. आम्ही मराठीत विचारायचं नि तिनं हिब्रूत उत्तर द्यायचं, अशी पोर ती. पण मैत्रिणींना कळू नये म्हणून हळूच मराठीत म्हणाली, "आजोबा, तुम्ही आत जाऊन झोपा. मी सांगते, तुम्हाला बरं नाही."

गेलो. भिंतीकडे तोंड करून पडलो, आणि बाहेर ती माझ्यासाठी खोटं बोलत होती ते ऐकत राहिलो.