सगुणाबाईंची बातमी

अरे, मी नवा बातमीदार झालो तेव्हा सगळे मोर्च्यांमागे पळायचे आणि मला दवाखाने दिले होते. शिवडीला क्षयाच्या वॉर्डात डिलाईल रोडच्या सगुणाबाई भेटल्या. नवरा संयुक्त महाराष्ट्राच्या सत्याग्रहात तुरुंगात.

“तिथं पेपर जातो म्हणं. सगुणा आता बरी हाय, एवढं छापा, भाऊ.”

मी लिहून दिलं. “ही बातमी नव्हे, पत्र आहे,” म्हणत संपादकांनी कागद परत केला.

चार दिवसांनी बाईंनी उशाखालून अंक काढला. “मला वाचता येत नाय. कुठं छापलंय?”

मला खरं सांगवेना. मी एका ओळीवर बोट ठेवलं. तिच्यावरून त्या हळूहळू हात फिरवत राहिल्या.

“आता वाचत असतील ना आमचे हे?”

“हो,” म्हटलं.

त्या ओळीत लालबागच्या तुंबलेल्या गटाराची तक्रार होती.